श्वासाच्या रकान्यात सगळ्यांचे २०

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एक बातमी होती. रात्री वॉर्डात पेशंट दगावला, नातेवाइकांनी काउंटरची काच फोडली, ड्युटीवरच्या डॉक्टरला धक्काबुक्की केली, पोलीस आले. दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांनी काळ्या फिती लावून काम केलं. नातेवाईक म्हणाले, "मध्यरात्रीपासून सांगून राह्यलो होतो, कोणी पाह्यलं नाही." रुग्णालयानं कळवलं, उपचारात हयगय झालेली नाही. अशा बातमीत गावाचं नाव तेवढं बदलतं, म्हणून लोक पुढच्या पानावर जातात. मी दोनदा वाचली. कारण या दोन्ही बाजूंनी मी उभी राहिले आहे.

मी ३१ वर्षं सरकारी परिचारिका होते. १९८८ ला लागले, २०१९ ला निवृत्त झाले. यवतमाळ जिल्ह्यात तीन ठिकाणी आणि वर्धा जिल्ह्यात एका ठिकाणी नोकरी झाली. रुग्णालयांची नावं लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्या एका इमारतीचं नाही.

कुठल्याही रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला टीपीआरचा कागद बघा. ताप, नाडी, श्वास असे तीन रकाने. ताप बदलतो, नाडी थोडी बदलते. श्वासाच्या रकान्यात २० असतात. म्हाताऱ्याचे २०, बाळंतिणीचे २०, दम्यानं धापा टाकणाऱ्याचेही २०. सकाळी २०, संध्याकाळी २०. कारण श्वास आम्ही मोजत नव्हतो, लिहीत होतो. नर्सिंगला शिकवलं होतं की मनगट धरून नाडी मोजतोय असं दाखवायचं आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे बघायचं. पेशंटला कळलं की आपला श्वास मोजतायत, तर तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पण रात्री वॉर्डात चाळीस पेशंट आणि सिस्टर एक. चाळीस पेशंटांचे नुसते श्वास मोजायला चाळीस मिनिटं. त्यात इंजेक्शनं, सलाईन, बाळंतपणाला हाका, आणि सकाळी सातच्या ओव्हरच्या, म्हणजे पुढच्या सिस्टरला ड्युटी सोपवायच्या आधी सगळं रजिस्टरात चढलेलं पाहिजे. मग २०.

हा २० चा आकडा मला एकदा फार महाग पडला. मला म्हणजे दुसऱ्याला.

२००९ चा सप्टेंबर. फवारणीचे दिवस. कपाशीवर मोनो, म्हणजे मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक, मारताना एक तरुण मजूर शेतातच उलट्या करून पडला आणि आमच्याकडे आला. तेव्हा अशा केसेस रोजच्या होत्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली तेव्हा सगळ्या देशाला कळलं, आम्हाला आधीपासून माहीत होतं. त्याला ॲट्रोपिन दिलं, पाम दिलं, दोन्ही या विषावरची औषधं. पहिल्या रात्री ॲट्रोपिनची बडबड, खाटेवरून उतरून पळणं, दोघांनी धरून ठेवणं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बसला, चहा प्यायला. डॉक्टरसाहेब म्हणाले, उद्या-परवा सुट्टी करू. त्याची बायको बावीस-तेवीस वर्षांची असेल, मांडीवर चार महिन्यांची पोरगी. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा डबा उघडून जेवण केलं.

या फवारणीच्या औषधाचा एक दगा असतो. पहिला जोर ओसरल्यावर, एक ते चार दिवसांच्या आत, स्नायू एकाएकी ढिले पडतात. आधी मान जाते. माणूस शुद्धीत असतो, बघतो, पण उशीवरून डोकं उचलता येत नाही. गिळता येत नाही. मग छातीचे स्नायू थकतात आणि श्वास आखूड होत होत थांबतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आम्हाला सांगितलेलं होतं.

रात्री दहाला मी कागदावर २० लिहिले.

साडेबाराला बायको आली. "बाई, हे कसेतरीच करून राह्यले." मी म्हटलं, औषधाची गुंगी आहे, झोपू दे. एकला परत आली. "पाणी घशाखाली उतरून नाई राह्यलं." मी म्हटलं, मग नको पाजू, सकाळी बघू. तिसऱ्यांदा आली तेव्हा पावणेदोन झाले होते. ती काउंटरजवळ न थांबता सरळ आत आली आणि माझ्या बाहीला धरलं. "मान पाहा ना बाई, उचलूनच नाई राह्यले."

मी गेले. टॉर्च मारला. "मान उचला" म्हटलं. ॲट्रोपिननं बाहुल्या मोठ्या झालेल्या, तो माझ्याकडे टक लावून बघत होता. कपाळाला आठ्या पडल्या, गळ्याच्या शिरा ताणल्या, डोकं जागचं हललं नाही. पोट वरखाली होत होतं, छाती नाही. तेव्हा मोजला श्वास. मिनिटाला ३४, आणि एकेक श्वास घशापर्यंतच.

आता इथं वाचणाऱ्याला वाटेल की मी धावत डॉक्टरांकडे गेले असेन. नाही. मी पंधरा मिनिटं खाटेजवळच घुटमळले. उशी सरळ केली, सलाईनचा थेंब बघितला, परत मान उचलायला सांगितली. त्याच्या आदल्या आठवड्यात मी साहेबांना रात्री दोनला एका पेशंटसाठी उठवलं होतं. छातीत दुखतंय म्हणत होता. निघाली ॲसिडिटी. साहेबांनी पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर, वॉर्डातल्या मामासमोर (वॉर्डबॉयला आम्ही मामा म्हणतो) विचारलं होतं, "सिस्टर, वीस वर्षं नोकरी झाली ना तुमची? गॅस आणि हार्ट कळत नाही?" बोलून गेले ते. वाईट माणूस नव्हते. दिवसभर ओपीडी, दुपारी एक पोस्टमार्टेम, संध्याकाळपासून दोन डिलिव्हऱ्या, आणि आख्ख्या रुग्णालयाला रात्री एकच डॉक्टर. पण तो शब्द माझ्या डोक्यात होता. म्हणून घुटमळले, आणि मग कॉलबुक काढलं.

कॉलबुक म्हणजे लाल रेक्झिनचं रजिस्टर. सिस्टरनं त्यात खाट नंबर, वेळ आणि कारण लिहायचं, मामानं ते मागच्या क्वार्टरला नेऊन दाखवायचं, डॉक्टरांनी वाचून सही करायची. मी लिहिलं: 'खाट नं. ११. अशक्तपणाची तक्रार. कृपया पाहावे.' असं लिहिलं मी. श्वास ३४ आहे, मान उचलत नाही, गिळता येत नाही, यातलं एक अक्षर लिहिलं नाही. दहाला आपणच २० लिहिलेत, आता चार तासांत ३४ कसे, हेही मनात होतं. जास्त लिहिलं आणि परत काही निघालं नाही तर काय, हेही होतं. मामा वीस मिनिटांनी परत आला. साहेब लेबर रूममध्ये होते, तिथं ग्लोव्हज काढून त्यांनी लिहिलं होतं: सीएसटी. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. 'अशक्तपणा' वाचून कोणीही तेच लिहिलं असतं.

अडीचच्या सुमाराला ओठ निळे दिसायला लागले. मग मात्र मामाला पळवलं. साहेब तसेच आले, बनियनवर, पायात चप्पल नाही. अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, लावली. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, तो उघडायची चावी नव्हती. ती ऑपरेशन थिएटरमध्ये सापडली. इमर्जन्सीचा ट्रे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये आणि त्या घरी. (स्टॉक कमी भरला की पगारातून कापतात, म्हणून कुलूप. त्यांनाही दोष देत नाही.) तेव्हा १०८ नव्हती, ती आपल्याकडे २०१४ ला आली. रुग्णालयाची जीप होती, ड्रायव्हर शेजारच्या गावी. पावणेचारला निघालो. मी मागं बसून अंबू दाबत होते, बायको समोर पोरीला घेऊन. यवतमाळचं मेडिकल कॉलेज पंधरा-वीस मिनिटांवर राहिलं असेल, तेव्हा त्याची नाडी लागेना.

साडेबाराला निघालो असतो तर जगला असता का? मला माहीत नाही. व्हेंटिलेटरपर्यंत जिवंत पोहोचला असता, एवढं नक्की. या दुखण्यात तेवढंच लागतं. काही दिवस मशीननं श्वास घेतला की स्नायू परत येतात.

त्यानंतर दहा वर्षं मी श्वास मोजून लिहिला. सगळ्यांचा नाही, तेवढा वेळ कधीच नव्हता. जे नवीन आले, ज्यांचं ऑपरेशन झालं, ज्यांना विष चढलंय, साप चावलाय, आणि ज्यांचा माणूस 'कसेतरीच करून राह्यले' म्हणतो, त्यांचा. रात्री सात-आठ जण निघतात. सात-आठ मिनिटं होतात.

एक चांगली गोष्टही सांगते. २०१६, पावसाळा. दुसऱ्या एका रुग्णालयात. कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी आली. खाली अंथरुणावर झोपलेली असताना पहाटे मण्यार चावली होती. मण्यारचा दात दिसत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोट दुखतं, घरचे ओवा देतात, मग पापण्या जड होतात तेव्हा कळतं. तिला सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू झालं. पण मण्यारच्या विषानंही श्वासाचे स्नायू जातात, आणि इंजेक्शननं ते लगेच थांबेलच असं नाही. आमचे तिथले वैद्यकीय अधिकारी निवृत्तीला आलेले, जुन्या वळणाचे. त्यांनी मुलीला एक दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि म्हणाले, आता न थांबता मोज. एका दमात ती २४ पर्यंत गेली. मग बापाकडे वळले. बापाला अंकांचं काही जमत नव्हतं. साहेब म्हणाले, "बोटं तर आहेत ना? दर थोड्या वेळानं पोरीले मोजायले लाव. ती मोजते तशी तू बोटं मुडप. दोन्ही हातांचे दोन फेरे झाले तर ठीक. त्याआधी तिचा दम तुटला तर मले उठव. क्वार्टरचं दार वाजव. सिस्टरले विचारायले बसू नको."

ते शेवटचं वाक्य ऐकून मला तेव्हा थोडा राग आला होता.

बाप खाटेच्या दांडीला टेकून बसला. अकराला मुलीचा दम दुसऱ्या फेऱ्यात अर्ध्यावर तुटला. बाप अनवाणी क्वार्टरवर गेला आणि दार वाजवलं. साहेब आले, परत मोजायला लावलं, ११. पुढं फार काही करावं लागलं नाही. मुलगी अजून स्वतः श्वास घेत होती, तेवढ्यात १०८ बोलावली, मेडिकलला फोन करून व्हेंटिलेटर लागेल म्हणून कळवलं. तिला नळी टाकली ती तिथं, उजेडात, माणसं जमलेली असताना. बारा दिवसांनी आई-बापासोबत बसनं परत गेली.

मी तेव्हा याला नाव दिलं नव्हतं. नाव नंतर कळलं, भाचीकडून.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. ऑगस्ट २०२२, पोळ्याच्या आधीचा आठवडा. माझा मोठा भाऊ, शुगरचा जुना पेशंट, पायाची जखम चिघळली म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात भरती होता. मी सोबत राहिले. आता मी सिस्टर नव्हते, 'पेशंटची बहीण' होते. रात्री दोनला तो थरथरायला लागला. हातपाय गार, कपाळ तापलेलं, मला आईच्या नावानं हाक मारायला लागला. संध्याकाळपासून लघवी नव्हती. मनगटावर एचएमटी होतं, सेकंदकाट्याचं. मोजला श्वास: २८. पायथ्याचा कागद काढून बघितला. दहा वाजता: २०.

ड्युटीवर एक पोरगी, नुकताच जीएनएमचा नर्सिंग कोर्स झालेली, एकटीकडे एकोणीस पेशंट. तिला म्हटलं, पोरी, प्रेशर बघ. तिनं बघितलं, ९६. नाडी ११८. ताप १०१.६. ऑक्सिमीटरचा सेल संपलेला. म्हटलं, आता सरांना फोन कर. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काकू, सर रात्री फोन केला की रागावतात. सकाळी नऊला राऊंडला येतातच."

तेरा वर्षांनी तेच वाक्य. मला तिच्यावर चिडता आलं नाही.

मी भाचीला फोन लावला, तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. आकडे सांगितले. ती फोनवरच बेरीज करायला लागली. "मावशी, श्वास २५ च्या वर, त्याचे एकट्याचेच तीन गुण. नाडीचे दोन. प्रेशरचे दोन. तापाचा एक. आठ झाले. मामा बरळतोय त्याचे आणखी तीन. अकरा. इथं पाच झाले की डॉक्टरला तातडीनं यावंच लागतं. सातला पथक धावतं."

ही बेरीज तिथं सगळ्या सरकारी रुग्णालयांत एकसारखी असते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये ती काढली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, ऑक्सिजन लावलाय की नाही, प्रेशर, नाडी, शुद्ध आणि ताप. यातलं महागडं मशीन लागणारं काहीच नाही. आमच्या टीपीआरच्या कागदावर निम्मं आधीच छापलेलं असतं.

आणि पथक म्हणजे काय, तेही तिनं सांगितलं. आपल्याकडे नागपूरच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत 'कोड ब्लू' पुकारतात, तो हृदय थांबल्यावर. हे पथक त्याच्या आधी येतं, पेशंट बिघडतोय, अजून बोलतोय, तेव्हा. आयसीयूमधला डॉक्टर आणि आयसीयूची नर्स हातातलं काम दुसऱ्याकडे देऊन वॉर्डातल्या खाटेशी येतात. पहिलं असं पथक १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये निघालं. (नाव लिव्हरपूल, पण आहे सिडनीत.) त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटांचे केसपेपर तपासून छापले होते. शंभरात ८४ जणांच्या कागदावर आधीच्या आठ तासांत बिघाडाची नोंद होती. कोणीतरी बघितलं होतं, लिहिलंही होतं. पुढं कोणी आलं नव्हतं.

म्हणजे नुसतं पथक काढलं की काम झालं, असंही नाही. ऑस्ट्रेलियातच २३ रुग्णालयांत याची मोठी चाचणी झाली, २००५ मध्ये निकाल आला. पथक असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयांत ठळक फरक दिसला नाही. एक कारण असं निघालं की पेशंट निकषात बसत असूनही बऱ्याचदा पथकाला कोणी बोलावलंच नव्हतं. हे ऐकून मला माझं कॉलबुक आठवलं. पथक पुढच्या दारात उभं असतं तरी मी त्या रात्री 'अशक्तपणा' हेच लिहिलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आधी बोलावण्याचा हक्क द्या. सिस्टरला द्या, आणि पेशंटजवळ बसलेल्या माणसालाही द्या.

इंग्लंडमध्ये आता हे नियमानं झालं आहे. तिथली मार्था नावाची १३ वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला मार लागला, रुग्णालयात संसर्ग रक्तात पसरला आणि २०२१ मध्ये ती गेली. आई-बाप सांगत होते, ती बिघडतेय. तिला वेळेत आयसीयूत हलवलं असतं तर बहुधा वाचली असती, असं चौकशीत निघालं. आई-बापानं लढा दिला. २०२४ पासून तिच्या नावाचा नियम १४३ रुग्णालयांत सुरू झाला. वॉर्डात कोणी ऐकत नसेल तर नातेवाइकानं एक ठरलेला नंबर फिरवायचा, आणि त्या वॉर्डाबाहेरची टीम येऊन पेशंट बघते. म्हणजे आमच्या साहेबांनी कोलाम बापाला सांगितलं, तेच. दार वाजव, सिस्टरले विचारायले बसू नको. त्या वाक्याचा राग आता येत नाही.

भावाच्या रात्रीचं राहिलं. मी काउंटरवरचा नंबर लावला, तो खालच्या रिसेप्शनवर वाजला. तिथला माणूस झोपेतच म्हणाला, सकाळी या. माझा पुतण्या, चोवीस वर्षांचा, आयटीआय झालेला, शांत पोरगा. त्यानं खुर्ची उचलली. काचेसमोर. मी मनगट धरलं नसतं तर दुसऱ्या दिवशी तुमच्या पानावर आमची बातमी असती. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याविरुद्ध आपल्याकडे २०१० चा कायदा आहे, अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि असायलाच पाहिजे. रात्री तीनला माझ्याच सहकाऱ्यांना शिव्या खाताना मी ऐकलंय. पण त्या कायद्यानं पुतण्याच्या हातात खुर्ची का आली, याचं उत्तर मिळत नाही. तो दोन तास हात जोडून फिरला होता.

चारला आरएमओ, म्हणजे रुग्णालयातले निवासी डॉक्टर, दुसऱ्या पेशंटसाठी म्हणून वर आले. त्यांची नजर भावाकडे गेली आणि पाच मिनिटांत तो आयसीयूत होता. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. लवकर बघितलं असतं तर पाय राहिला असता, असा दावा मी करत नाही. शुगरचा पाय होता. भाऊ आहे, ओसरीवर बसून कापसाचे भाव विचारतो.

आता आपल्याकडे काय होऊ शकतं. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात आयसीयू नाही, तिथं पथक कुठून आणायचं, असं कोणीही विचारेल. पदं रिकामी आहेत, तेही खरं. पण तीस खाटांचं पथक तीन माणसांचं होऊ शकतं: रात्रीचे डॉक्टर, दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर आणि मामा. कोण काय घेऊन धावणार हे फक्त आधी ठरलेलं पाहिजे. मामाकडे सिलिंडर; त्याची चावी बँडेजनं सिलिंडरलाच बांधून ठेवायची, हा माझा जुना उपाय, फुकटचा. ट्रेला कुलूप नको, कागदी सील लावा, तुटलं की हिशेब करा. कॉलबुक नोंदीसाठी ठेवा, बोलावण्यासाठी ड्युटीचा मोबाइल. आणि फोनवर 'जरा बघता का सर' असं न म्हणता आकडा सांगायचा. श्वास ३४, मान उचलत नाही, या. डॉक्टर लेबर रूममध्ये अडकले असतील तर ऑक्सिजन लावणं, कुशीवर वळवणं, ग्लुकोमीटरनं शुगर बघणं आणि १०८ ला फोन करणं, हे सिस्टरनं न विचारता करायचं, असा लेखी आदेश पाहिजे. राज्यात १०८ च्या ९३७ गाड्या आल्या तेव्हा प्रत्येकीत डॉक्टर असेल असं ठरलं होतं. लवकर बोलावली तर तो डॉक्टर उपयोगाचा, उशिरा बोलावली तर तो फक्त सोबत येतो.

सगळ्यात अवघड आदेश दोन ओळींचा आहे. वैद्यकीय अधीक्षकांनी सही करून वॉर्डात लावायचा: कॉल खोटा निघाला तरी बोलावणाऱ्याला कोणी बोलणार नाही. याला एक रुपया लागत नाही, आणि तोच सगळ्यात शेवटी निघेल, हे मी ३१ वर्षांच्या नोकरीवरून सांगते. डॉक्टर म्हणतील, नातेवाईक ऊठसूट बोलावतील. बोलावतील. आताही ते रात्रीतून दहादा काउंटरवर येतातच, आणि त्यांतली नऊ वेळा सलाईन संपलेली असते. दहाव्या वेळी आलेली बाई ओळखायला श्वास मोजावा लागतो.

जिल्हा शल्यचिकित्सकांना माझी एक विनंती आहे. नवीन लागलेल्या मुलींना श्वास मोजायला शिकवायचं असेल तर मी येते. मानधन नको, येण्या-जाण्याचं एसटीचं भाडं माझं मी देईन. फक्त गुरुवारी नाही, त्या दिवशी आमचा बाजार असतो.

पत्र लांबलं. जागा नसेल तर इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचं कापा, खाट नंबर ११ चं कापू नका.

त्याची बायको माझ्या गावापासून सहा किलोमीटरवर राहते. बाजारात भेटली की थांबते. लोकांना सांगते, "या बाईनं लई केलं. गाडीत रातभर पंप दाबून राह्यल्या होत्या." मी काही बोलत नाही, पोरीचं विचारते. मांडीवरची ती पोरगी आता मोठी झाली आहे, आणि त्यांच्या घरी आपला पेपर येतो. दहा वाजता मी २० लिहिले होते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. येत्या रविवारी जाऊन सांगणार आहे. त्याआधी हे पत्र छापू नये, आणि माझं नाव घालू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
जि. यवतमाळ